मान वर करून पाहायचे साप : आगुंब्याहून परतलेल्या नागपूरकराच्या नोंदी

अंबाझरीकाठ
रविवार, रात्री १०.४०

परवा आगुंब्याहून (कर्नाटकातल्या पश्चिम घाटातलं वर्षावन) परत आलो. कपडे अजून वाळले नाहीत, बॅगेला कुबट वास येतोय आणि मान अवघडली आहे. त्या मानेबद्दलच हा धागा.

मी सागाच्या जंगलात वाढलेला माणूस. पेंच, बोर, उमरेड-कऱ्हांडला. सुट्टी मिळाली की हेच. आपल्या जंगलात चालायची एक शिस्त असते, नजर पावलाच्या दोन हात पुढे. पाचोळ्यात परड (पुण्या-मुंबईच्या मंडळींची घोणस) अशी मिसळून पडलेली असते की पाय पडेपर्यंत दिसत नाही. वीस वर्षांत ही सवय इतकी मुरली आहे की फुटाळा तलावावर फिरतानाही मी खाली बघून चालतो आणि ओळखीचे लोक चिडतात. आगुंब्यात पहिल्याच सकाळी वाटाड्याने हे हेरलं. म्हणाला, "खाली फक्त जळवा. साप बघायचे तर वर बघा."

आपल्याकडे वर्षाला अकराशेच्या आसपास मिलिमीटर पाऊस होतो. तिथे सरासरी सात हजारांच्या वर. झाडांचे शेंडे वरच्या वर एकमेकांत मिटलेले, त्यामुळे भर दुपारी खाली दिवेलागणीसारखा उजेड. सागाच्या जंगलात सापापुढचा प्रश्न उन्हाचा आणि पाण्याचा असतो. मे महिन्यात बीळ सापडलं नाही तर संपलं. आगुंब्यात हा प्रश्न उरतच नाही. तिथे प्रश्न उंचीचा आहे. अन्न, ऊन, जोडीदार सगळं वीस-पंचवीस मीटरांच्या उभ्या पट्ट्यात वाटलेलं. म्हणजे हात-पाय नसलेल्या जनावराने उभं चढायचं, एका झाडावरून दुसऱ्यावर जायचं आणि वर बसल्या बसल्या कोणाच्या डोळ्यात यायचं नाही.

तिसऱ्या दिवशी हरणटोळ दिसला, तेव्हा हे नीट कळलं. खरं म्हणजे बायकोला दिसला, मी त्याच फांदीकडे पाच मिनिटं बघत होतो. बोटाएवढा जाड, हिरवा, तोंड पेन्सिलीला टोक काढावं तसं. वारा आला की फांदीबरोबर डुलायचा, वारा थांबला तरी दोन-तीन झोके जास्त घ्यायचा. त्याची बाहुली आडवी असते, जुन्या कुलपाच्या किल्लीच्या भोकासारखी. डोळ्यापासून नाकापर्यंत गालावर पन्हळ असते, जणू बंदुकीची माशी. त्यामुळे दोन्ही डोळ्यांनी एकाच वेळी समोरचं दिसतं आणि अंतर समजतं. बहुतेक सापांना हे नीट जमत नाही. पाचोळ्यातल्या उंदराचा माग वासावरून काढता येतो, पण पुढच्या फांदीवरच्या सरड्यावर झेप घ्यायची तर अंतर चुकून चालत नाही.

आणखी एक गोष्ट, जी डोळ्यांना दिसत नाही. उभ्या चढणाऱ्या सापाचं रक्त वजनाने शेपटीकडे उतरतं आणि मेंदू कोरडा पडायची भीती. अमेरिकेतल्या हार्वी लिलीव्हाइट यांनी यावर बरंच काम केलं. झाडावरच्या सापांचं हृदय डोक्याच्या जवळ असतं, अंग सडपातळ असतं आणि मागच्या भागाची कातडी-स्नायू घट्ट आवळलेले असतात, व्हेरिकोज व्हेन्सच्या पेशंटला डॉक्टर मोजे घालायला देतात ना, तसे. समुद्री सापाला पाण्याचाच आधार, म्हणून त्याचं हृदय बरंच मागे असलं तरी भागतं. तोच समुद्री साप काठीसारखा उभा धरला तर त्याचा रक्तदाब कोसळतो. मला हे वाचून हरणटोळाकडे परत एकदा बघावंसं वाटलं, पण तोवर तो गेला होता. कदाचित तिथेच असेल.

सुपारीच्या बागेत उडता सरडा मात्र मनसोक्त पाहिला. याच्या पाच-सहा बरगड्या दोन्ही बाजूंनी लांबच लांब वाढलेल्या असतात आणि त्यांच्यावर कातडी ताणलेली. बसलेला असताना छत्रीसारखी मिटलेली. नर गळ्याखालची पिवळी पिशवी झेंड्यासारखी फडकवतो, मुंग्या खातो, मग डोकं खाली करून उडी मारतो आणि पुढच्या खोडावर डोकं वर करून उतरतो. २०१७ साली माक्सिमिलियन डेलिंग नावाच्या जर्मन संशोधकाने आपल्याच पश्चिम घाटातल्या या सरड्यांचे फोटो काढून दाखवलं की तो हवेत गेल्यावर पुढचे हात मागे वळवून पंखाची कड पकडतो. म्हणजे पंख बरगड्यांचा, पण सुकाणू हातात! इतकी वर्षं लोक हा सरडा बघत होते आणि हातांकडे कोणाचं नीट लक्ष नव्हतं.

मादी अंडी घालायला मात्र जमिनीवर उतरते. तेवढ्यापुरतं जमिनीचं काम.

कोणाकडे आणखी काही असेल तर लिहा. मी फक्त तीन जनावरांबद्दल लिहिलंय.

बर्डीवाला_पप्पू
रविवार, रात्री ११.०५

भाऊ, लय भारी. काहून नाही नेलं आमाले सोबत? एक सांगा, आमच्या आजीच्या गावाकडं म्हणतात का हरणटोळ झाडावरून उडी मारते अन् टाळूच फोडते. म्हणून आजी जंगलात जाताना डोक्यावर टोपलं घेऊन जाये. खरं हाय का हे?

अंबाझरीकाठ
रविवार, रात्री ११.२०

पप्पूभाऊ, टाळू शाबूत राहते. तो सौम्य विषारी आहे, विषाचे दात जबड्यात मागे असतात, सरडे-बेडकांवर चालणारं विष. माणसाला चावला तर सूज, थोडी आग. चिडला की तोंड वासून अंग फुगवतो आणि खवल्यांच्या मधली पांढरी-काळी कातडी दिसायला लागते, त्यात लोक घाबरतात. आणि तो असतोच चेहऱ्याच्या उंचीवर. फांदी बाजूला करायला गेलं की जवळच डोकं असणार, मग गोष्ट तयार व्हायला वेळ लागत नाही. आजीचं टोपलं मात्र बाकी कारणांसाठी उत्तमच.

ओपीडीनंतर
सोमवार, सकाळी ७.१५

लेख आवडला. एक डॉक्टरी टीप, कारण हे वाचून दहा जण पावसाळ्यात घाटात जातील.

हरणटोळ निरुपद्रवी, पण त्याच झुडपांत मलबारी चापडा आणि खाली पाचोळ्यात नाकाड्या चापडा असतो. वाटाड्याचं "खाली फक्त जळवा" हे वाक्य मला पटलेलं नाही. नाकाड्या चापडा हातभर लांब, वाळक्या पानासारखा, त्याची पिल्लं शेपटीचं टोक अळीसारखं वळवळवून बेडकाला जवळ बोलावतात. आपल्या सरकारी दवाखान्यात मिळणारं प्रतिसर्पविष चारच सापांच्या विषावर बनतं: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं. चापड्यांवर त्याचा भरवसा नाही. नाकाड्याच्या दंशाने मूत्रपिंडं निकामी झालेल्या रुग्णांची नोंद केरळात आहे. म्हणून गमबूट, टॉर्च आणि फांदीला हात लावण्याआधी एकदा बघणं. बाकी मजा करा.

मलबारी चापड्याच्या डोळा आणि नाकपुडी यांच्या मध्ये जो खड्डा असतो, तो तिसरा डोळाच समजा. त्यात पातळ पडदा असतो आणि त्याला उष्णता जाणवते. अंधारात उंदीर त्याला भोवतालच्या गार पानांवर उजळ डागासारखा "दिसतो".

चुंबकसर
सोमवार, सकाळी ९.३०

उडत्या सरड्याची आठवण काढलीत आणि उडत्या सापाला विसरलात, हा अन्याय आहे. मी आठवी-नववीला भौतिकशास्त्र शिकवतो आणि दरवर्षी एक तास या सापावर घालवतो. अभ्यासक्रमात नाही. चालतं.

आपल्याकडे याला उडता सोनसर्प म्हणतात. त्याचा आग्नेय आशियातला भाऊ, तिकडचा पॅराडाइज ट्री स्नेक, जास्त तरबेज. फांदीवरून इंग्रजी जे अक्षरासारखा खाली लोंबकळतो, झटका देऊन सुटतो आणि बरगड्या फाकवून अंग चपटं करतो. तेव्हा त्याचा आडवा छेद पालथ्या पन्हळीसारखा होतो. आपल्या छपरावरची पन्हळ वाऱ्याने का उडते? तेच कारण, उचल मिळते. मुलांना हे लगेच कळतं, उन्हाळी वादळात सगळ्यांनी पत्रे उडताना पाहिलेले असतात.

पण खरी गंमत पुढे. तो हवेतही वळवळतो, जमिनीवर पोहल्यासारखा. खूप वर्षं वाद होता की ही जुनी सवय आहे की उपयोगाची गोष्ट. अमेरिकेत जेक सोका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चार मजली उंच दालनात सापांच्या अंगावर खुणा लावून, वेगवान कॅमेरे ठेवून उड्या टिपल्या आणि २०२० साली निष्कर्ष छापला. संगणकातल्या सापाची वळवळ बंद केली की तो कलंडतो. वळवळ चालू असली की तोल राहतो. म्हणजे सायकल थांबली की आपण पडतो, त्यातलाच प्रकार.

आता गणित. मध्य अमेरिकेच्या वर्षावनात बॅसिलिस्क सरडा असतो. ओढ्यावरच्या फांदीवर झोपतो आणि शत्रू आला की पाण्यात उडी टाकून मागच्या दोन पायांवर पाण्यावरून पळतो. वेग सेकंदाला साधारण दीड मीटर. मागच्या बोटांना झालर असते, ती आपटताना उघडते आणि पाय पाण्यात जाताना त्याच्याभोवती हवेचा खड्डा तयार होतो. तो खड्डा मिटायच्या आत पाय बाहेर काढला पाहिजे, सगळी करामत तेवढ्या वेळात. १९९६ साली ग्लाशीन आणि मॅकमहोन यांनी हिशेब मांडला. ८० किलोच्या माणसाला हेच करायचं तर सेकंदाला ३० मीटर पळावं लागेल, म्हणजे ताशी १०८ किलोमीटर, आणि स्नायूंची ताकद पंधरा पट हवी. दरवर्षी एक मुलगा विचारतो, "सर, अंबाझरी तलावावर ट्राय करू का?"

बर्डीवाला_पप्पू
सोमवार, सकाळी ९.४८

सरड्याची धाव कुंपणापर्यंत म्हणणारा माणूस बाहेर निघालाच नव्हता राजेहो.

खामल्याचा_खोडरबर
सोमवार, दुपारी १.१०

चर्चा छान चालली आहे, म्हणून थोडं मीठ टाकतो. मूळ लेखात आणि प्रतिसादांतही "असं करता यावं म्हणून हे अंग तयार झालं" असा सूर येतोय. कोणत्याही सापाने उंच चढायचंय म्हणून हृदय पुढे सरकवलं नाही. ज्यांचं थोडं पुढे होतं त्यांची पिल्लं जास्त जगली, लाखो वर्षं. "अनुकूलन" हा शब्द आपण असा वापरतो जणू जनावराने अर्ज केला आणि मंजूर झाला.

दुसरं, ही प्रत्येक गोष्ट "कमाल" आहे असं वाटतं कारण आपण फक्त जमलेल्यांची यादी करतो.

अंबाझरीकाठ
सोमवार, दुपारी २.००

मीठ मान्य. पण एक मुद्दा: एकच गोष्ट दोन वेगळ्या ठिकाणी, दोन वेगळ्या घराण्यांत पुन्हा घडली तर? अ‍ॅमेझॉनमधला पाचू बोआ आणि न्यू गिनीतला हिरवा वृक्ष-अजगर यांचे फोटो शेजारी ठेवा. दोघेही पोपटी, पाठीवर पांढरे ठिपके, दोघेही फांदीवर वेटोळं करून डोकं बरोबर मध्ये ठेवून बसतात. दोघांचीही पिल्लं हिरवी नसतात, पिवळी नाहीतर विटकरी लाल, आणि मोठेपणी हिरवी होतात. मध्ये अख्खा प्रशांत महासागर. बोआ पिल्लांना जन्म देतो, अजगर अंडी घालतो, म्हणजे घराणी वेगळी यात शंका नाही. उष्णता ओळखायचे ओठावरचे खड्डेसुद्धा दोघांना आहेत, पण अजगराचे खवल्याच्या पोटात आणि बोआचे दोन खवल्यांच्या फटीत. एकच गणित दोन मुलांनी वेगवेगळ्या रीतीने सोडवून उत्तर एकच आणलंय. याला काय म्हणाल?

खामल्याचा_खोडरबर
सोमवार, दुपारी २.२५

अभिसारी उत्क्रांती म्हणेन, आणि उदाहरण चांगलं आहे असंही म्हणेन. खड्ड्यांचा तपशील माहीत नव्हता. तरी अर्ज-मंजुरीवाला मुद्दा कायम.

शेवग्याचीशेंग
सोमवार, दुपारी ४.३०

मी गच्चीवर बाग करते, जंगल-बिंगल माझा प्रांत नाही. पण विचारायचं होतं. कुंडी बदलताना मातीत गांडुळासारखा काळा, चकचकीत, वीतभर पण नसलेला साप सापडतो. दोन वेळा मारला (आता वाईट वाटतंय). तो काय? आणि घरातल्या पाली काचेवर पडत नाहीत त्याचं कारणही कोणी सांगा, मुलगी रोज विचारते.

अंबाझरीकाठ
सोमवार, सायंकाळी ६.१०

ताई, तो वाळा. जवळजवळ आंधळा, मुंग्या-वाळवीची अंडी खाणारा, पूर्णपणे बिनविषारी. आणि तुमच्या कुंडीतला प्रत्येक वाळा मादी होता. या जातीत नर नसतात, मादी नराशिवायच अंडी घालते आणि सगळ्या मुलीच निघतात. म्हणून एकच वाळा कुंडीच्या मातीतून बोटीने गेला तरी नव्या देशात वंश सुरू होतो. आशियातून तो अमेरिका, आफ्रिका, पॅसिफिकमधली बेटं, कुठे कुठे पोचलाय. आपल्याकडे कूलरला वाळ्याच्या ताट्या लावतात आणि कूलरखालच्या ओलीत हा वाळा निघतो, त्यावरून आमच्या घरी एकदा मोठा गोंधळ झाला होता. आई म्हणाली "वाळा निघालाय", वडील नवीन ताटी आणायला गेले.

त्याचे घाटातले लांबचे नातेवाईक म्हणजे खापरखवल्ये. हे जंगलाच्या मातीतच राहतात, पश्चिम घाट, दक्षिणेतल्या आणखी काही डोंगररांगा आणि श्रीलंका सोडून जगात कुठेही नाहीत. शेपटी खापरी फुटल्यासारखी तिरपी कापलेली, वर खरखरीत ढाल. बिळात शिरले की मागून दार लावल्यासारखी ती ढाल बसते. गंमत म्हणजे माती उकरताना बाहेरून कातडी सरळ राहते आणि आत कणा नागमोडी होतो. त्याने अंग फुगतं, बिळाच्या भिंतीला टेकतं, मग डोकं पुढे रेटता येतं. सगळं काम आत, बाहेरून शांत.

चुंबकसर
सोमवार, रात्री ९.००

पालीचं मी सांगतो. पायात गोंद नाही आणि शोषणही नाही. बोटांखाली पट्ट्या, पट्ट्यांवर सूक्ष्म केस आणि प्रत्येक केसाला शेकडो टोकं. टोके नावाच्या आग्नेय आशियातल्या मोठ्या पालीच्या एका पावलावर असे सुमारे पाच लाख केस असतात. एवढी टोकं भिंतीला इतकी जवळ जातात की रेणूंमधलं नेहमीचं क्षीण आकर्षण, व्हॅन डर वाल्स बल, पुरेसं होतं. सोडवायचं असेल तर बोट टोकाकडून सोलल्यासारखं उचलते, सेलोटेप काढतो तसं.

वर्षावनात खरी अडचण पावसाची. काच ओली केली तर पालीची पकड सुटते. मग पावसाच्या जंगलात त्या जगतात कशा? २०१३ मध्ये एका अभ्यासात दिसलं की पाणी झटकणाऱ्या पृष्ठभागावर पकड ओल्यातही टिकते, आणि तिथली पानं बहुतेक मेणचट असतात. म्हणजे अर्धी सोय पायात, अर्धी पानात.

मुलीला एवढंच सांगा की पाल भिंतीला लाखो हातांनी धरते.

कोराडीरोड
मंगळवार, सकाळी ८.०५

सगळं वाचून एक प्रश्न पडला. लोक म्हणतात तापमानवाढीने वर्षावनातले सरडे संपतील. आपला बागेतला सरडा मे महिन्यात ४५ अंशांत कुंपणावर मान हलवत बसतो. त्यांना दोन अंशांनी काय होणार आहे? अतिशयोक्ती वाटते मला.

अंबाझरीकाठ
मंगळवार, सकाळी ९.४०

मीही हेच समजत होतो, आगुंब्यात जाईपर्यंत. आपला सरडा ४५ अंशांत बसत नाही. तो सकाळी ऊन खातो, अंग तापलं की सावलीत जातो, दुपारी दिसतच नाही. दिवसभर ऊन-सावलीची ये-जा करून तो स्वतःचं तापमान राखतो. त्याच्याकडे दोन्ही दुकानं उघडी आहेत.

दाट जंगलाच्या तळाशी ऊन नाहीच. एखादा कवडसा पडतो, तोही दुसऱ्या फांदीवर, आणि तिथे जायला-यायला जेवढी ताकद लागते तेवढी ऊब मिळत नाही. म्हणून तिथले कित्येक सरडे ऊन खाण्याचा नादच सोडतात. जेवढी हवा, तेवढं अंग. पोर्तो रिकोच्या जंगलातल्या सरड्यांवर रेमंड ह्युई आणि सहकाऱ्यांनी अनेक वर्षं काम केलं, २००९ साली त्यांचा निबंध आला. हे सावलीतले सरडे आधीच त्यांना सोसेल त्या तापमानाच्या काठावर जगतात. हवा तापली तर पळून जायला त्यांच्याकडे आणखी गार सावली नाही, कारण ते सावलीतच आहेत. आणि जंगल विरळ झालं की उघड्यावरचे, ऊन सोसणारे सरडे आत घुसतात.

दोन अंश तुमच्या-माझ्या हिशेबात कमी. ज्याचं आयुष्य पाच-सहा अंशांच्या पट्टीत गेलं, त्याच्या हिशेबात नाही.

कोराडीरोड
मंगळवार, सकाळी १०.१५

हं. म्हणजे आपला सरडा नागपुरी आणि तिकडचा एसीत वाढलेला. पटलं थोडं. पूर्ण नाही.

दगडूकाका
मंगळवार, दुपारी १२.३०

मी खडकांच्या खात्यातून निवृत्त, वय ७१. तरुण मंडळींनी वर बघितलं, मी आयुष्यभर खाली बघून पैसे कमावले, म्हणून थोडी खालची बातमी.

आपण वर्षावन म्हटलं की कर्नाटक-केरळ म्हणता. छिंदवाडा जिल्ह्यात मोहगाव कलान आहे. तिथे दख्खनच्या लाव्ह्याच्या दोन थरांमध्ये दगड झालेली झाडं सापडतात. पुरावनस्पतिशास्त्रज्ञ बिरबल साहनींच्या काळापासून अभ्यास चालू आहे. ताडमाडांची खोडं आणि निपा पामचं फळसुद्धा. निपा आज सुंदरबनासारख्या खाडीकाठी उगवते. म्हणजे आज जिथे आपण संत्री पाहतो, त्या भागात तेव्हा दमट, उष्ण रान होतं.

आणि साप? वरोऱ्याजवळ पिसदुरा नावाचं गाव आहे, डायनोसॉरच्या हाडांसाठी प्रसिद्ध. तिथल्या थरांत सापाचे मणके मिळाले आणि २०११ साली त्याचं बारसं झालं: मॅडत्सोइया पिसदुरेन्सिस. गावाचं नाव शास्त्रात कायमचं गेलं. साडेसहा कोटी वर्षांहून जुना प्राणी. त्याच कुळातला पुढचा पाहुणा कच्छमध्ये, पानंध्रोच्या लिग्नाइट खाणीत मिळाला, २७ मणके. रुरकी आयआयटीच्या लोकांनी २०२४ साली त्याला वासुकी इंडिकस नाव दिलं. अंदाजे लांबी ११ ते १५ मीटर, वय चार कोटी सत्तर लाख वर्षं.

याचा कोराडीरोड यांच्या प्रश्नाशी संबंध असा: कोलंबियातल्या सेरेहोनच्या कोळशात टायटनोबोआ सापडला, तेराएक मीटरचा, २००९ साली जाहीर झाला. थंड रक्ताच्या प्राण्याला एवढं मोठं व्हायला बाहेरून ऊब लागते, म्हणून त्यावरून तेव्हाच्या वर्षावनाचं तापमान काढलं गेलं, सरासरी ३० ते ३४ अंश. त्या पद्धतीवर आक्षेप आले, पण ते सोडा. यावरून कोणी म्हणेल, "चला, तापलं की साप मोठे होतात, बरं झालं." त्याला लाखो वर्षं लागली होती. आपण शंभर वर्षांत तापवतोय.

(चंद्रपूर-उमरेडच्या कोळशात साप शोधायला जाऊ नका. तो कोळसा पंचवीस कोटी वर्षांच्या पलीकडचा, तेव्हा साप जन्मालाच आले नव्हते. दरवर्षी कोणीतरी मला "नागाची फणी" म्हणून दगड आणून दाखवतो.)

शेवग्याचीशेंग
मंगळवार, दुपारी १.४५

काका, पिसदुरा माझ्या माहेरापासून जवळ! लग्नाआधी किती वेळा त्या फाट्यावरून गेले, कोणी सांगितलं नाही.

ओपीडीनंतर
मंगळवार, रात्री ८.५०

सापांच्या गर्दीत कासव राहून जाऊ नये. केरळात वेताच्या रानात राहणारं एक छोटं कासव आहे. वर्षावनाच्या जमिनीवर, पानांत दडून राहतं, पाण्यात फारसं जात नाही. १९१२ साली चालकुडीजवळ सापडून त्याची शास्त्रीय नोंद झाली आणि मग जवळजवळ सत्तर वर्षं शास्त्रज्ञांच्या दृष्टीने ते गायबच होतं. १९८२ मध्ये जे. विजया या तरुण संशोधिकेने तिथल्या काडर आदिवासींच्या मदतीने ते पुन्हा शोधलं आणि जंगलात गुहेत राहून अभ्यास केला. भारतातल्या पहिल्या महिला सर्पशास्त्रज्ञ म्हणून त्यांचं नाव घेतात. १९८७ साली, तिशीही गाठायच्या आत त्या गेल्या. २००६ मध्ये या कासवाला स्वतंत्र प्रजातीचं (इंग्रजीत जीनस) नाव मिळालं, विजयाचेलिस. काडरांना ते कासव अर्थातच कधी हरवलेलं नव्हतं.

खामल्याचा_खोडरबर
मंगळवार, रात्री ९.३०

शेवटच्या वाक्याला +१. दगडूकाका, वेगळा धागा काढा, पुभाप्र (पुढील भागाच्या प्रतीक्षेत).

अवांतर: नागराज दिसला नाही का? आगुंबे म्हणजे नागराज असं ऐकलं होतं.

अंबाझरीकाठ
मंगळवार, रात्री १०.२०

दिसला नाही. सर्पतज्ज्ञ रोम्युलस व्हिटेकर यांनी २००५ साली उभं केलेलं संशोधन केंद्र तिथेच आहे, आणि तिथल्या नागराजांच्या अंगात रेडिओ बसवून त्यांचा माग काढला गेला आहे. २०२४ पासून पश्चिम घाटातला नागराज वेगळी जात मानतात, ओफिओफॅगस कालिंगा. कन्नड लोक त्याला काळिंगच म्हणतात, म्हणजे शास्त्राने गावाचंच नाव उचललं. साप खाणारा साप, आणि पाचोळा अंगाने ओढून अंड्यांसाठी घरटं करणारा जगातला एकमेव. मादी वर बसून राखण करते आणि पिल्लं निघायच्या सुमाराला निघून जाते.

आम्हाला एक जुनं घरटं दाखवलं. पाचोळ्याचा बसका ढीग, शेणाच्या गोवऱ्यांचा उकिरडा वाटावा असा. इतका वेळ वर बघून बघून मान धरली होती आणि सगळ्यात लांब विषारी सापाची खूण पायाशी होती. बायको हसत होती.

बर्डीवाला_पप्पू
बुधवार, सकाळी ७.३०

भाऊ, तुमचा धागा वाचून काल सांजच्याले आंगणातल्या जामाच्या झाडाखाली उभा राहून अर्धा घंटा वरतं पाहून राहिलो होतो. एक सरडा अन् तीन माकोडे दिसले. बाजूचे काका कंपाउंडवरून पाहून म्हणे, "का बे पप्पू, संक्रांतीची पतंग आता शोधून राहिला का?"